न खाल्लेली तंबाखू

मी आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. हे मी नगरमध्ये इतक्या जणांना सांगितलंय, आणि त्यातल्या इतक्या थोड्यांना ते पटलंय, की आता लिहूनच ठेवावं म्हटलं. कागद निदान तोंडावर हसत तरी नाही.

सत्तर सालानंतरची ती दुष्काळाची वर्षं. आमच्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या विहिरींत तळाचे दगड दिसत होते आणि चांगले जमीनवाले लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्याच वेळी मी नगरशेजारच्या नागापूरच्या एका कारखान्यात विहिरीवर बसवायचे पंप बनवत होतो. विहिरीत पाणी नाही म्हणून पंप बनवणं थांबवायचं, इतका बारीक विचार कारखाने करत नसतात. मी ड्रिलिंग मशीनवर होतो. पंपाच्या बिडाच्या झाकणांना दिवसभर भोकं पाडायची, एवढंच काम. अजून टेंपरवारी होतो, कायम व्हायचं बाकी होतं. पण गावाकडे माझा भाव कलेक्टरच्या खालोखाल होता, कारण महिन्याच्या महिन्याला पगार होणारा आमच्या भावकीत मी एकटाच.

वडील तंबाखूने गेले. आधी गालात फोड आला, मग तो फुटला, आणि शेवटी शेवटी त्यांना पाण्याचा घोटही गिळवेना. त्यांच्यामागे आई माझ्याकडे नगरला आली. आमची एकच खोली होती. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "शपथ घे. जलमात तंबाखूला शिवनार न्हाई." मी घेतली. मला त्यात काहीच जड नव्हतं, मला त्या वासाचीच शिसारी होती.

आता थोडं फिटबद्दल सांगतो. आमच्याकडे फिट कशी असावी याचे नियम अगदी पक्के होते. माणूस धाडकन पडला पाहिजे, हातपाय ताठ होऊन झटके आले पाहिजेत, तोंडाला फेस पाहिजे. मग चौघांनी धावायचं. एकाने कांदा फोडून नाकाशी धरायचा, दुसऱ्याने चप्पल हुंगवायची, तिसऱ्याने मुठीत किल्ल्या कोंबायच्या आणि चौथ्याने "वारा येऊ द्या, वारा येऊ द्या" म्हणत स्वतःच वारा अडवून उभं राहायचं. या सगळ्यातलं काही कमी पडलं तर ती फिट धरली जात नसे.

आमच्या खात्यातल्या लेथवाल्याला एकदा अशी नियमाला धरून फिट आली. कांदा एकाच्या डब्यात होताच, आणि चपलांना काय तोटा? तो शुद्धीवर आला, त्याला चहा पाजला, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. फोरमनसाहेब पाठीवर हात फिरवून म्हणाले, "घरी जा, तब्येत सांभाळ." तो घरी गेला, आणि तब्येत इतकी नीट सांभाळली जावी अशी साहेबांची इच्छा होती की त्याला परत आतच घेतला नाही. चार-सहा महिन्यांनी तो मला माळीवाड्यात हातगाडी ढकलताना दिसला. मी मान दुसरीकडे वळवली. मला वाटायचं, बिचाऱ्याचं नशीब, आपला काय संबंध?

माझा संबंध असा होता. अधूनमधून मला बेल्ट जळल्याचा वास यायचा. मशीनचा रबरी पट्टा घसरून तापला की येतो तसा, पण त्याहून कडवट. त्याबरोबर पोटातून काहीतरी वर उसळायचं, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना उसळतं तसं. आणि मग असं वाटायचं की हे सगळं अगदी असंच आधी घडून गेलंय, हेच झाकण, हीच खरखर, हाच उन्हाचा पट्टा. मी मशीन बंद करायचो, मागे सरायचो आणि ओरडायचो, "अरे, कुणाचा बेल्ट जळतोय बघा!" कुणाचाच जळत नसायचा. पहिल्यांदा साहेबांनी माझ्या जागरूकतेचं कौतुक केलं. नंतर पोरांनी माझं नाव 'बेल्टसाहेब' पाडलं. मी बेल्ट बघायला मागे सरायचो, आणि त्यानंतर मला एकदम पुढचंच आठवायचं. मधलं थोडं गेलेलं असायचं. पण गेलेलं आहे हे मला कसं कळणार? जे गेलं त्याची आठवण ठेवायला तिथे मी नव्हतोच!

तिथे होते ते शेजारच्या मशीनवरचे चाचा. नगरचेच, वयाने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि तंबाखूचे निस्सीम भक्त. आमच्याकडे तंबाखूचा एक धर्म आहे आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. जो मळतो त्याने आधी शेजाऱ्यापुढे हात करायचा. भावाभावांत कोर्टात दावा चालू असला तरी कोर्टाच्या पायरीवर एक मळतो आणि दुसऱ्यापुढे तळहात धरतो. मळून एकट्यानेच बार भरणारा माणूस म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणारा.

एके दिवशी दुपारी चाचा मला म्हणाले, "काय रे बेटा, चिमूटभर दिली असती तर तुझी जमीन लिलावात निघाली असती काय?"

"कशाची चिमूट, चाचा?"

"वा! डाव्या हातावर घेतली, अंगठ्याने मस्त मळली, तोंडात टाकली, गाईवानी चघळत बसलास. मी 'दे की' म्हणून हात पुढं केला तर माझ्याकडं बघतोस कसा, जसा मी भिकारी! आणि आता विचारतोस कशाची?"

मी हसलो. चाचांना चेष्टेची सवय होती. पण दोन-चार दिवसांनी त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ते खरोखर रागावले होते. "नको देऊ. पण खोटं तरी बोलू नको," म्हणाले. मग पलीकडच्या पोरानेही दुजोरा दिला, त्यानेही बघितलं होतं. मी आईची शपथ घेऊन सांगितलं की मी तंबाखूला शिवत नाही. त्यावर तो पोरगा म्हणाला, "तंबाखूसाठी आईची शपथ? लई चेंगट हाय बाबा ह्यो."

गोष्ट फोरमनसाहेबांच्या कानावर गेली. साहेब पुण्याचे. मशीनवर तंबाखू खाणं त्यांना अजिबात खपत नसे. ती घाणेरडी सवय, असं ते सिगारेटचा धूर सोडत सोडत सांगायचे. ते एकदा स्वतः येऊन मागे उभे राहिले आणि त्यांनीही मला मळताना पाहिलं. शुद्धीवर आलो तेव्हा ते समोर होते.

"तोंड धुऊन ये. आणि पुन्हा दिसलं तर कायम व्हायचं विसर."

"साहेब, मी खात नाही."

"मी आंधळा आहे का?"

आता साहेबाला आंधळा कसा म्हणायचा? मी तोंड धुऊन आलो. नळाशी चूळ भरताना मलाच शंका आली आणि थुंकी निरखून पाहिली. पांढरीस्वच्छ. असा पुरावा साहेबाला नेऊन दाखवता येत नाही, एवढीच अडचण.

एवढ्यावर निभावलं असतं. पण ईदला चाचा शिरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या खोलीवर आले. आईने त्यांना चहा दिला. चाचांचा राग केव्हाच गेला होता, त्यांनी आपलं गमतीने सांगितलं, "भाभी, पोरगा सोन्यासारखा आहे तुमचा. फक्त तंबाखू एकटा एकटा खातो. जरा वाटून खायला शिकवा."

आईच्या हातातली बशी कलंडली. चाचा गेल्यावर तिने मला एकच विचारलं, "व्हय?"

"नाही आई. तुझ्या गळ्याची आण."

"माज्या डोक्यावर हात ठिवून बी खोटं, आन् आता गळ्याची बी आण!" ती म्हणाली. "बापाचं तोंड कुजल्यालं बघितलंस ना रं तू? म्या त्या तोंडात चमच्यानं पानी घातलंय."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. एका खोलीत दोन माणसं आणि अबोला, हा प्रकार करून बघण्यासारखा आहे. ती भांड्यांशी बोलायची. "भाकरी झालीया म्हनावं," हे तव्याला. "पानी भरून ठिवलंय म्हनावं," हे हंड्याला. मी घराबाहेर पडलो की माझे खिसे उलटे व्हायचे, अंथरूण झटकलं जायचं. शर्ट धुण्याआधी ती नाकाशी धरायची. तिला काही सापडत नव्हतं आणि त्यामुळे तिची खात्रीच पटत चालली होती, की पोरगा फार पोचलेला आहे. मी तरी काय करणार होतो? साहेब, चाचा, पोरगा, सगळे डोळ्यांनी बघितलं म्हणत होते. मला कारखान्याची तितकी फिकीर उरली नव्हती. आई मला खोटारडा समजते, एवढ्या एकाच गोष्टीने घास उतरत नव्हता.

मग सुट्टीचा एक दिवस आला. पुढचं सगळं तिने नंतर सांगितलेलं आहे. मी स्वतः हजर होतो, पण माझ्या हजेरीचा काही उपयोग नव्हता. मी दारात सायकलची चेन पुसत बसलो होतो. मला वास आला. मी म्हणालो, "आई, काहीतरी जळतंय बघ." तिने चूल पाहिली, चूल विझलेली होती. ती दाराकडे वळली, आणि तिने तिच्या डोळ्यांनी बघितलं. माझा डावा तळहात पसरलेला, त्यावर उजवा अंगठा गोल गोल फिरतोय, आणि जबडा चालू.

सापडला चोर! ती धावली. आधी एक थोबाडीत ठेवून दिली. "थुंक! थुंक आदी!" मी थुंकेना. बघत होतो म्हणे तिच्याकडे, पण भिंतीकडे बघावं तसा. तेव्हा तिने माझा जबडा धरला आणि तोंडात बोट घातलं. गाल चाचपले, जिभेखाली पाहिलं, हिरड्या पाहिल्या. काही नव्हतं. तिने माझी मूठ उकलली. चेनचं काळं तेल, बाकी काही नाही. आणि रिकामा तळहात तिच्या हातात असताना माझा अंगठा आपला त्याच्यावर फिरतोच आहे.

मला भान आलं तेव्हा ती माझ्यासमोर मातीत बसली होती. मी विचारलं, "काय झालं? माझा गाल का दुखतोय?"

"तू खरंच खात न्हाईस रं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

इतक्या दिवसांनी ती थेट माझ्याशी बोलत होती, तव्यामार्फत नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सुटलो म्हटलं. ती का रडतेय याचा विचार करायची गरजच मला वाटली नाही.

शहरात पुण्याहून एक मोठे डॉक्टर ठरलेल्या वारी यायचे. तिने मला त्यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मग विचारलं, "हे व्हायच्या आधी काही कळतं का? एखादा वास? पोटात काही?" मी बेल्टचं सांगितलं, पाळण्याचं सांगितलं, आधी घडून गेल्यासारखं वाटतं तेही सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा असा खुलला की दुसऱ्याच्या दुखण्याने माणूस इतका सुखावलेला मी पुन्हा पाहिला नाही. "सगळं आहे की! अगदी पुस्तकात देतात तसं!" ते म्हणाले. मला क्षणभर अभिमानच वाटला.

"ही फिट आहे," ते आईला म्हणाले.

"फिट कशी आसंल?" आईने त्यांना ताडकन विचारलं. "पडत न्हाई, फेस न्हाई, हातपाय झाडत न्हाई. म्या काय फिट बघितली न्हाई व्हय?"

डॉक्टर भला माणूस होता. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. म्हणाला, "मावशी, तुमचा नगर जिल्हा केवढा आहे? तिकडे घाटाकडच्या अकोले तालुक्यात धो धो पाऊस पडला म्हणून इकडे कर्जतला चिखल होतो का?"

"कर्जतला कशानंच हुत न्हाई," आई म्हणाली.

"बरोबर. मेंदूचं तसंच आहे. त्यात विजेसारखं काहीतरी उसळतं. ते ज्या तालुक्यात उसळेल तिथलं काम बिघडतं, बाकीचा जिल्हा कोरडा. तुमच्या मुलाचं इथे होतं, कानाच्या वर." त्यांनी माझ्या डोक्यावर बोट टेकवलं. "इथे वास आहेत, आठवणी आहेत. म्हणून नसलेला वास येतो, नवं जुनं वाटतं, आणि मग भान जाऊन तोंड चघळायला लागतं, हात चाळा करतात. तेच कपाळामागे उसळलं तर माणूस झोपेत ओरडतो, पाय सायकल चालवल्यासारखे मारतो. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय. टाळूच्या बाजूला झालं तर एका हाताला नुसत्या मुंग्या, तो बिचारा तेल चोळत बसतो. अगदी मागे, मानेच्या वर झालं तर डोळ्यांपुढे रंगीत दिवे. असा एक माझ्याकडे आला तोवर त्याने तीन चष्मे केले होते. आणि सगळ्या जिल्ह्यात एकदम पसरलं की तुम्ही म्हणता तशी फिट. ती सगळ्यांना ओळखता येते. बाकीच्यांना कुणी फिट म्हणतच नाही."

मी मनात म्हटलं, चला, म्हणजे नशिबाने आपल्याला तालुका तरी बरा मिळाला. कपाळामागे झालं असतं तर चाचांना लाथ बसली असती.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी तापात कधी झटके आले होते का?  आई म्हणाली, "आलं हुतं. लई येळ. पन ते तापाचं हुतं ना सायेब? ताप गेला तसं ते बी गेलं." डॉक्टर म्हणाले, तुमचा काही दोष नाही. गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, आणि कमी होईल म्हणाले. मशीनवर उभं राहायचं नाही, सायकल नाही, विहिरीच्या काठाशी जायचं नाही.

बाहेर आल्यावर मी खुशीत होतो. म्हटलं, उद्याच साहेबांना सांगतो, डॉक्टरांनीच सांगितलंय मी तंबाखू खात नाही. चाचांनाही सांगतो.

"आन् मग काय खातोस म्हनशील?" आई म्हणाली. "फिट येती म्हनशील?"

"खरं ते सांगायला काय?"

"त्या लेथवाल्याचं काय केलं त्यांनी? तूच सांगितलंस मला."

 मी म्हणालो, "पण मशीनवर उभा कसा राहू? कधीतरी वास यायच्या आत हात गेला तर?"

 घरी येईपर्यंत ती बोललीच नाही. पण हा अबोला वेगळा होता, तिचं काहीतरी शिजत होतं.

सकाळी तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि माझ्याबरोबर नागापूरला आली. गेटवर तिने फोरमनसाहेबांना बोलावून घेतलं. मी शेजारीच उभा. चाचा आणि बाकीचे आत जाता जाता थांबले. आईने पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "सायेब, माजा पोरगा तंबाखू खातो. बापावर गेलाय. म्या लई मारलं, शपथा घातल्या, सुटंना. त्याला बोलायचं धाडस हुईना म्हनून म्या आले."

मी तोंड उघडलं. तिने न बघता माझ्या मनगटाला चिमटा काढला, असा की अजून आठवतो.

"पन सायेब, तंबाखू मळताना ह्येचं ध्यान न्हाई ऱ्हात. मशीनवर बोटं जातील एखाद्या दिशी. तुमी त्याला शिक्षा करा, मशीनवरनं काढा, खाली झाडायला लावा. पन घरी धाडू नगा. म्या पाया पडते तुमच्या." आणि खरोखरच वाकली.

साहेब विरघळले. आपलं म्हणणं एका आईच्या तोंडून खरं ठरलेलं बघून कोण विरघळणार नाही? त्यांनी व्यसनावर छोटंसं भाषण केलं आणि मला शिक्षा म्हणून पॅकिंग खात्यात टाकलं. दिवसभर बसून खोक्यांत पेंढा भरायचा, तिथे फिरणारं एकही चाक नव्हतं. उद्यापासून ये म्हणाले. चाचा जवळ आले, आईला म्हणाले, "भाभी, बडा दिल पाहिजे असं कबूल करायला." ती त्यांच्याकडे बघू शकली नाही.

मी तंबाखू खात नाही हे त्या गेटवर तिला एकटीलाच पक्कं माहीत होतं. मला स्वतःची तरी कुठे खात्री होती? पण तिने तोंडात बोट घालून बघितलं होतं.

आम्ही चालतच निघालो. कारखान्यांची हद्द संपते तिथे एक पानाची टपरी होती. ती टपरीपाशी थांबली. टपरीवाल्याने विचारलं, "काय देऊ मावशी?"

"तंबाखूची पुडी."

"कंची?"

"लाल कागदाची. बारीक पत्तीची द्या, जाड नगं. आन् चुना वल्ला हाय का बघा, वाळल्याला लागत न्हाई." हे सगळं तिने एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर ती दचकली. वीस-बावीस वर्षं ती कुणासाठी तरी हेच सांगत आली होती.

पुडी तिने स्वतः माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा दाबून बघितला, दिसतेय का म्हणून. "ऱ्हाऊ दे हितंच. कुनी इचारलं तर दिसाया पायजे."

आम्ही पुढे चालू लागलो. ती सारखी हात पदराला पुसत होती.

"तुला शपथ घातली तवापासनं रोज देवाला म्हनायची," ती म्हणाली, "ह्यो तंबाखू खात नसू दे. ऐकलं त्यानं." मग चालता चालताच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खात आसतास तर बरं झालं आसतं रं. मारून मारून सोडीवली तरी आसती."